१० बाय ८ फुटांचं तयार पॉलीहाउस किट: नागपूरच्या नवतप्यात आणि मृगात किती टिकतं?

आधी निकाल सांगून टाकतो. सांगाडा घ्यायला हरकत नाही. सोबत येणारं कव्हर एक उन्हाळा काढतं, दुसऱ्यात फाटतं. खुंट्या तर खोक्यातच राहू द्या. किटवर जेवढा खर्च कराल त्याच्या जवळपास निम्मा पाया, फिल्म (वर ताणायचा प्लास्टिकचा कागद) आणि शेडनेटवर (ऊन गाळणाऱ्या जाळीवर) करायची तयारी असेल तर हे पॉलीहाउस नागपुरात पाच-सहा वर्षं चालतं. तयारी नसेल तर घेऊ नका, साधा शेडनेटचा मांडव जास्त उपयोगी पडेल.

या मापाच्या किटमध्ये साधारण एवढं सामान येतं: २५ मिलिमीटर व्यासाचे पावडर कोटिंग केलेले पाइप, ते जोडायला प्लास्टिकचे तीन-तोंडी आणि चार-तोंडी सांधे, हिरव्या चौकड्यांचं जाळीदार प्लास्टिकचं शिवलेलं कव्हर, त्याला चेनचं दार, गुंडाळून वर बांधायच्या दोन खिडक्या आणि जमिनीत ठोकायला वीतभर लांबीच्या आठ खुंट्या. नावं आणि रंग बदलतात, आतला माल बहुतेक सारखाच. त्यामुळे इथे एका कंपनीचं नाव घेण्यापेक्षा या जातीच्या किटबद्दलच बोलणं योग्य.

मूळ अडचण अशी की या किटचा आराखडा थंड देशातल्या परसासाठी केलेला आहे. तिथे आतली ऊब बाहेर जाऊ नये म्हणून खटपट असते. आपल्याकडे २३ मे २०१३ ला पारा ४७.९ वर गेला होता, आणि दर वर्षी नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांत, ४५ च्या आसपास असतोच. इथे ऊब साठवण्याची गरज वर्षातून जेमतेम सहा आठवडे. उरलेल्या काळात पॉलीहाउसने तीन कामं करायची: ऊन गाळायचं, पावसाचा मारा रोपांवर पडू द्यायचा नाही, आणि होळीच्या मागेपुढे येणारी गारपीट अंगावर घ्यायची. किटमधली प्रत्येक वस्तू या तीन कामांच्या कसोटीवर बघायची.

वारा आणि पाया

पाइपची जाडी व्हर्नियर कॅलिपरने मोजली तर बहुतेक किटमध्ये ०.८ मिलिमीटरच्या आसपास भरते. २५ मिलिमीटरचा असा पाइप मीटरला जेमतेम ४८० ग्रॅम बसतो. हाच पाइप २ मिलिमीटर जाडीचा घेतला तर मीटरला १.१ किलोच्या वर जातो. अख्ख्या सांगाड्यात ४५ मीटरच्या आसपास पाइप लागतो, म्हणजे किटचं लोखंड २०-२२ किलो. कव्हर धरून सगळं मिळून ३० किलोच्या आतच.

आता वाऱ्याचा हिशेब. मे महिन्यात दुपारी चारनंतर आभाळ भरून येतं आणि वावधन सुटतं, तेव्हा ताशी ७० किलोमीटरचा झोत काही नवलाचा नसतो. त्या वेगाला दर चौरस मीटरवर साधारण २४ किलोचा दाब येतो. किटच्या छताचं क्षेत्र ७.४ चौरस मीटर. म्हणजे छताला वर ओढणारी ताकद १८० किलोच्या घरात, आणि धरून ठेवणारं वजन ३० किलो. त्यात दार उघडं राहिलं असेल तर हवा आत शिरून छताला खालूनही ढकलते. खुंट्यांनी हे धरून ठेवणं शक्यच नाही. भारतीय मानकात इमारतींच्या आराखड्यासाठी नागपूरला सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर हा मूळ वेग धरतात. तिथवर जायची गरज नाही, पण ७०-८० चा झोत तरी सहज पेलला पाहिजे.

जमीन काळी असेल तर प्रश्न आणखी वाढतो. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. त्यात ठोकलेली खुंटी जूनमध्ये घट्ट बसल्यासारखी वाटते आणि एप्रिलमध्ये दोन बोटांनी उपसून येते. काँक्रीटचा छोटा ठोकळाही अशा जमिनीत तिरपा होतो, मग कमान पिळते, आणि फिल्म नेमकी त्या पिळावर फाटते.

करायचं असं. सहा खांबांना सहा खड्डे, ३० बाय ३० सेंटिमीटरचे, ७५ सेंटिमीटर खोल. तळाशी १५ सेंटिमीटर मुरूम टाकून पाणी मारून धुम्मस करा. त्यावर ६० सेंटिमीटर काँक्रीट, १:२:४ प्रमाणाचं (सिमेंट, वाळू, खडी). एका खड्ड्यात साधारण १३० किलो काँक्रीट बसतं, सहांचं मिळून पावणेआठशे किलो. एवढं वजन असलं की ओढीची चिंता मिटते. सिमेंटच्या दोन गोण्या काठोकाठ पुरतात, तिसरी जवळ असू द्या. खांबाचा पाइप थेट काँक्रीटमध्ये गाडू नका. त्याच्यापेक्षा एक माप मोठा, गॅल्व्हनाइज्ड पाइपचा ७५ सेंटिमीटरचा तुकडा गाडा, १५ सेंटिमीटर वर ठेवा, आणि किटचा खांब त्यात उतरवून आरपार बोल्ट मारा. पुढे खांब गंजला तर तेवढाच बदलता येतो.

काँक्रीटचा माथा जमिनीच्या वर पाच सेंटिमीटर आणि बाहेरच्या बाजूला उतरता हवा. लोखंड आणि काँक्रीट भेटतात त्या रेषेवर पाणी साचतं आणि गंज तिथूनच सुरू होतो. त्या कंगोऱ्यावर डांबराचा हात फिरवा, दर वर्षी मृगाच्या आधी पुन्हा एकदा. काळ्या जमिनीची हालचाल मीटरभर खोलवरही असते, ती काही थांबत नाही. पण पॉलीहाउसच्या चारी बाजूंनी दोन-अडीच फूट रुंदीचा मुरमाचा उतरता पट्टा केला की पायाजवळ पाणी मुरत नाही आणि फुगणं-आकसणं पुष्कळ कमी होतं. हा पट्टा करायला एक दिवस लागतो आणि बहुतेक जण नेमका तोच टाळतात.

गच्चीवर बसवणार असाल तर स्लॅबला भोकं पाडू नका, वॉटरप्रूफिंगचं वाटोळं होतं. २०० लिटरचा ड्रम आडवा कापून त्याचे दोन अर्धे करा, प्रत्येक कोपऱ्याचा खांब अशा अर्ध्या ड्रममध्ये उभा करून वाळू भरा. शंभर लिटर वाळू म्हणजे दीडशे किलोच्या वर वजन. चौथ्या-पाचव्या मजल्यावरच्या गच्चीवर मात्र दोन वेळा विचार करून जा, वारा तिथे फार जास्त असतो.

प्लास्टिकचे सांधे दोन उन्हाळ्यांत पांढुरके पडतात. नखाने ओरखडा काढला की भुकटी निघाली, तर तो सांधा संपला असं समजा. सुरुवातीलाच चारी कोपऱ्यांना गॅल्व्हनाइज्ड क्लॅम्प आणि एम-६ बोल्ट लावून घेतलेले बरे. शिवाय चारी कोपऱ्यांत एकेक तिरपा आधार द्या. किटमध्ये तो नसतो, आणि त्याच्याशिवाय चौकट वाऱ्याबरोबर समांतर भुज चौकोनासारखी झुकते. पाइप कापावा लागला तर कापलेल्या तोंडाला झिंकचा थंड लेप लावल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दार पूर्वेला किंवा ईशान्येला ठेवा. उन्हाळ्यातली गरम हवा आणि पावसाळी वारा दोन्ही पश्चिमेकडून येतात. आणि दक्षिणेला मोकळं हवं. डिसेंबरात नागपुरात भरदुपारीही सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांवरच असतो, म्हणजे सहा फुटांच्या कंपाउंडची सावली सहा फूट पडते. भिंतीला खेटून पॉलीहाउस बांधलं तर हिवाळ्यात, जेव्हा उन्हाची खरी गरज असते, तेव्हाच खालची रोपं सावलीत राहतात.

कव्हर काढा, फिल्म लावा

किटचं शिवलेलं कव्हर हातात घेतल्यावर दणकट वाटतं, कारण आत जाळी विणलेली असते. पण जाळीच्या दोन्ही बाजूंचा प्लास्टिकचा थर अगदी पातळ असतो. उन्हाने तो आधी जातो, मग जाळीचे धागे सुटे पडतात. शिलाईच्या प्रत्येक भोकातून पाणी झिरपतं. चेनमध्ये धूळ बसली की एप्रिलपर्यंत ती अडकायला लागते, आणि जोराने ओढली की दात निघतात. मेण लावून थोडे दिवस निभतं, पण दाराला साधी चौकट आणि बिजागरी हाच खरा उपाय.

त्याऐवजी २०० मायक्रॉनची यूव्ही-स्टॅबिलाइज्ड (उन्हातल्या अतिनील किरणांना टिकणारी) पॉलीथिन फिल्म आणा. शेती-साहित्याच्या दुकानात ती रोलवरून कापून मिळते. ही फिल्म साधारण तीन वर्षांची धरून चला. इथे फसवणुकीला जागा आहे, कारण १५० मायक्रॉनची फिल्म २०० म्हणून हातात पडली तर नुसत्या बोटांना कळत नाही. वजनाने मात्र कळतं. २०० मायक्रॉनच्या एक चौरस मीटर फिल्मचं वजन १८४ ग्रॅमच्या आसपास भरतं, १५० ची १३८. १० बाय १० फुटांचा तुकडा १.७ किलोचा असायला हवा. १.३ भरला तर परत करा. या किटला छत, बाजू आणि दोन्ही तोंडं धरून ४०-४२ चौरस मीटर लागते, म्हणजे साडेसात-आठ किलो.

पारदर्शक आणि दुधी असे दोन प्रकार मिळतात. नागपूरसाठी दुधी घ्या. तिच्यातून ऊन विखुरलं जाऊन येतं, पानं भाजत नाहीत आणि खालच्या फांद्यांनाही उजेड पोचतो. अँटी-ड्रिप (आतून थेंब न टपकणारी) फिल्म असेल तर ती बाजू आत यायला हवी. उलटी लागली तर हिवाळ्यातल्या पहाटे आतून टपटप थेंब पडतात आणि रोपांच्या मानेशी बुरशी धरते. दुकानदाराकडून बाजू विचारून घ्या आणि तिथेच मार्करने खूण करा. घरी आल्यावर दोन्ही बाजू सारख्याच दिसतात.

फिल्म बसवायला ॲल्युमिनियमचं प्रोफाइल (खाच असलेली पट्टी) आणि त्या खाचेत फिल्म दाबून धरणारी नागमोडी तार, म्हणजे झिगझॅग स्प्रिंग लागते. या मापाला दोन्ही कमानी, बाजूच्या पट्ट्या आणि खालची चौकट धरून २८ मीटरच्या आसपास. प्रोफाइल पाइपवर सेल्फ ड्रिलिंग स्क्रूने दर ३० सेंटिमीटरला पक्कं करा. स्क्रूचं डोकं खाचेच्या तळाशी नीट बसलं पाहिजे, वर राहिलं तर फिल्म त्यावर घासून भोक पडतं. स्प्रिंग बसवताना एका टोकापासून सुरुवात करायची. पहिली लाट खाचेत दाबायची, मग स्प्रिंग डावीकडे-उजवीकडे झुलवत एकेक लाट आत सरकवत जायचं. सरळ खाली दाबलं तर तारेचं टोक फिल्मला टोचतं. म्हणून स्प्रिंगखाली जुन्या फिल्मची चार बोटं रुंद पट्टी ठेवतात, आणि तारेची दोन्ही टोकं पक्कडीने आतल्या बाजूला वळवून घेतात. नव्या फिल्ममधली पहिली भोकं बहुतेक वेळा याच दोन टोकांनी पाडलेली असतात.

वेळ महत्त्वाची. भर दुपारी ताणून बसवलेली फिल्म रात्री आकसते आणि स्प्रिंगपाशी फाटायला बघते. हिवाळ्यातल्या सकाळी सात वाजता बसवलेली फिल्म दुपारी सैल पडून फडफडते, आणि फडफड हाच फिल्मचा मोठा शत्रू. तीन मीटर लांबीत २५ अंशांच्या फरकाला दीडेक सेंटिमीटरचा फरक पडतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात किंवा फेब्रुवारीत, सकाळी नऊ-दहाच्या सुमारास, वारा पडलेला असताना दोघांनी मिळून बसवा. दोन्ही बाजूंनी सारखं ओढत, मधून टोकांकडे जायचं.

फिल्म कुठे जाते, हे एकदा जवळून बघून ठेवा. दुसऱ्या उन्हाळ्यानंतर कमानीच्या बरोबर वर, पाइप टेकतो तिथे, पिवळसर-तपकिरी रेघ उमटते. मधली फिल्म अजून मऊ असते, पण त्या रेघेवर नख दाबलं तर ती कडकन तडकते. कारण सरळ आहे: उन्हात तापलेला पाइप फिल्मला रोज भाजतो. उपाय फिल्म चढवण्याआधीच करायचा. पाइपचा वरचा अर्धा भाग पांढऱ्या रंगाने रंगवा किंवा त्यावर पांढरी फोम टेप लावा. आणि हौसेने पीव्हीसी पाइपची कमान करू नका. पीव्हीसीला फिल्म टेकली की त्यातल्या क्लोरीनमुळे तिचं यूव्हीपासून रक्षण करणारं द्रव्य निकामी होतं, आणि अगदी महागातली फिल्मही लवकर जाते.

हेच गंधकाच्या बाबतीत. भुरी आली की वेटेबल सल्फर मारायची आपली सवय असते. आत वारंवार गंधक फवारलं तर फिल्मचं आयुष्य घटतं. भुरीसाठी आधी हवा खेळती करा, दाटी कमी करा, रोगट पानं काढा. फवारायचंच असेल तर फिल्मवर तुषार जाणार नाहीत असं खालच्या बाजूने फवारा आणि दुसऱ्या दिवशी फिल्म आतून साध्या पाण्याने धुऊन घ्या.

भोक पडलं तर सेलोटेप लावू नका, महिन्यात पिवळी पडून सुटते. फिल्म दुरुस्तीची यूव्ही टेप वेगळी मिळते. भोकाभोवतीची जागा स्पिरिटने पुसा, पूर्ण वाळू द्या, तुकड्याचे कोपरे गोल कापा आणि आतून-बाहेरून दोन्हीकडे पाच-पाच सेंटिमीटर जास्त येईल असा लावा. चौकोनी कोपरा राहिला की टेप तिथून उचलते.

खरी परीक्षा उन्हाळ्याची

किटच्या दोन खिडक्या मोजल्या तर दोन्ही मिळून अर्ध्या चौरस मीटरच्या जेमतेम वर भरतात. ७.४ चौरस मीटर जमिनीला निदान दीड ते सव्वादोन चौरस मीटर उघडी जागा हवी, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात त्याहून कितीतरी जास्त. बाहेर ४४ असताना बंद फिल्मच्या आत ५५ सहज ओलांडतं. टोमॅटो, मिरची, सांबार (कोथिंबीर), काहीच त्यात जगत नाही.

म्हणून बाजू कायमच्या बंद करायच्याच नाहीत. दोन्ही लांब बाजूंना मीटरभर उंचीचा गुंडाळायचा पडदा करा. खाली दीड-दोन फुटांची फिल्मची पट्टी कायम ठेवा, म्हणजे पावसाचे शिंतोडे आणि उंदीर दोन्ही आत येत नाहीत. पडद्याच्या खालच्या कडेला पाइप बांधून दोरीने वर गुंडाळायचा. मागे ४० मेशची (इंचाला ४० भोकांची) कीडरोधक जाळी. या जाळीने हवा पुष्कळ अडते, ती निम्म्यावर येते असं धरा. दोन्ही बाजू उघडल्या की सहा चौरस मीटर मोकळे होतात, जाळी धरूनही पुरेसे आहेत. शिवाय दोन्ही तोंडांवर अगदी वरच्या टोकाला एकेक झरोका ठेवा, कारण गरम हवा तिथेच कोंडते. किटची उंची सात फुटांच्या आत असेल तर पायात गाडलेला पाइप जास्त वर काढून ती आठ-साडेआठ करून घ्या. फूटभर उंचीने डोक्यावरच्या उष्ण हवेला जागा मिळते आणि रोपं वाचतात.

घरातला कूलर निघतो त्याच आठवड्यात शेडनेट चढवा. साधारण भाजीपाल्याला आणि रोपवाटिकेला ५० टक्के, फर्न आणि ऑर्किडला ७५ टक्के. नेट फिल्मवर टेकवू नका. टेकलेली नेट स्वतः तापते, ती उष्णता फिल्मला देते आणि वाऱ्यात घासून तिला झिजवते. फिल्मच्या वर फूट-दीड फूट अंतर सोडून, वेगळ्या खांबांवर तारेने ताणा. आत लावलेली नेट जवळजवळ बिनकामाची, कारण ऊन फिल्ममधून आत येऊन गेलेलं असतं. मेच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य नागपूरच्या बरोबर डोक्यावर येतो, तेव्हा छताची नेट सगळ्यात मोलाची. पश्चिमेच्या बाजूला मात्र दुपारी दोननंतर तिरपं ऊन येतं, तिथे एक सुटा पडदा हवा.

गारपिटीलाही हीच नेट कामी येते. ताणलेल्या नेटवर गार आपटते, उसळते आणि फिल्मपर्यंत तिचा जोर उरत नाही. विदर्भात गारा फेब्रुवारीपासूनच पडतात, त्यामुळे नेट होळीनंतर चढवायची असली तरी तारा आणि हुक तिळसंक्रांतीनंतर तयार ठेवा. आभाळ काळं झालं की पाच मिनिटांत ओढता आली पाहिजे.

जुलैत पाऊस स्थिरावला की नेट काढून टाका. ढगाळ हवेत आधीच उजेड कमी असतो. नेट तशीच राहिली तर रोपं लांबट, पिवळी होतात.

आता कूलर. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे हवा इतकी कोरडी असते की पाण्याच्या बाष्पीभवनाने थंडावा उत्तम मिळतो. ४४ अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल तर ओल्या थर्मामीटरचा आकडा पंचविशीच्या आसपास येतो, आणि बरा पॅड असलेला कूलर तिशीच्या जवळची हवा देऊ शकतो. या पॉलीहाउसमध्ये हवा भरते १६-१७ घनमीटर. मिनिटाला एकदा ती बदलायची तर तासाला हजार घनमीटर, एवढं काम घरगुती मध्यम कूलर आरामात करतो. कूलर बाहेर ठेवून एका तोंडातून हवा आत सोडा आणि समोरच्या तोंडाला तेवढीच जागा उघडी ठेवा. बाहेर जायला वाट नसेल तर आत फक्त दमट कोंदटपणा वाढतो. वुडवूल दर वर्षी बदलावी लागते. हनीकोंब पॅड तीन-चार हंगाम जातो, पण बोअरचं पाणी जड असेल तर त्यावर पांढरा क्षार चढतो. टाकीतलं पाणी दर तीन दिवसांनी पूर्ण सोडून द्या, नुसती भर घालत गेलात तर क्षार दाट होत जातो. विजेची जोडणी ३० मिलिअँपियरच्या आरसीसीबीमधूनच (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणाऱ्या स्विचमधूनच) घ्या आणि लोखंडी सांगाड्याला अर्थिंग करा. ओली जमीन, लोखंड आणि वीज एकत्र असताना यात तडजोड नको. मृगाचा पाऊस पडला की कूलर बंद, हवेत ओल आली की तो काही करत नाही.

चुना मारून फिल्म पांढरी करणं हाही चालणारा उपाय आहे, पहिल्या पावसांत तो धुऊन जातो. पॉलिकार्बोनेटवर मात्र चुना अजिबात नको, क्षारीय पदार्थ त्याला खातात.

पाऊस आणि थंडी

नागपुरात वर्षाला हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो. किटचं छत कमानीचं आहे, त्यामुळे ताणलेल्या फिल्मवर पाणी थांबत नाही. सैल पडली की दोन कमानींमध्ये पोट सुटतं. एक चौरस मीटर जागेत सरासरी पाच सेंटिमीटर पाणी साचलं तरी ५० किलो वजन होतं आणि ०.८ मिलिमीटरचा पाइप त्याखाली वाकतो. वाकलेला पाइप सरळ करता येत नाही, बदलावाच लागतो. मेच्या शेवटी फिल्म तपासून सैल भागाची स्प्रिंग काढून पुन्हा ताणा. एका दिवसात १०० मिलिमीटर पडला तर या छतावरून साडेसातशे लिटर पाणी उतरतं, त्याला पन्हळ लावून ड्रम भरून घ्या. फवारणीला आणि कूलरला यापेक्षा चांगलं पाणी नाही.

थंडीबद्दल गैरसमज फार आहे. २९ डिसेंबर २०१८ ला इथे ३.५ अंशांची नोंद झाली होती. अशा निरभ्र रात्री एका थराच्या पॉलीथिनखाली तापमान बाहेरपेक्षा दोन-तीन अंशच वर राहतं, कधी तेवढंही नाही, कारण जमिनीतून निघणारी उष्णता साध्या पॉलीथिनमधून आरपार निघून जाते. आत २०० लिटरचा काळा रंगवलेला ड्रम पाण्याने भरून ठेवा. दहा अंशांनी थंड होताना तो सव्वादोन युनिट विजेएवढी उष्णता सोडतो. रोपांवर रात्री पातळ कापडाचं दुसरं पांघरूण घाला. सकाळी नऊला पडदे थोडे उघडा, नाहीतर साचलेल्या दवाने मर रोग येतो.

पॉलिकार्बोनेटचं किट घ्यावं का?

६ मिलिमीटरचं दुहेरी भिंतीचं पॉलिकार्बोनेट घ्यायला पैसे असतील तर घ्या, ४ मिलिमीटरचं नको. ते वाऱ्यात पोट काढतं आणि खाचेतून निसटतं. पत्र्याची एकच बाजू यूव्ही थराची असते आणि ती बाहेर यायला हवी. संरक्षक कागदावर तसं छापलेलं असतं, बसवून झाल्यावरच तो काढा, पण त्याच दिवशी. उन्हात राहिला तर चिकटून बसतो. २.४ मीटरचा पत्रा ५० अंशांच्या फरकाला आठ मिलिमीटरने वाढतो-घटतो, म्हणून भोक स्क्रूपेक्षा मोठं पाडा आणि ईपीडीएम रबराचा वॉशर घाला. घट्ट आवळलेला पत्रा मे महिन्यात कडकड वाजतो आणि स्क्रूपाशी तडकतो. नळ्या उभ्या हव्यात. वरची तोंडं ॲल्युमिनियम टेपने बंद, खालची हवा जाऊ देणाऱ्या टेपने. नुसती उघडी सोडली तर एका पावसाळ्यात आत हिरवं शेवाळ धरतं, आणि ते काढता येत नाही. धुताना मऊ कापड आणि सौम्य साबण, थिनर किंवा पेट्रोल लावू नका.

उष्णतेच्या बाबतीत मात्र पॉलिकार्बोनेटने काही सुटत नाही. खिडक्या तेवढ्याच लहान असतील तर तेही मेमध्ये भट्टीच. बाजू गुंडाळायची सोय त्यात नसल्यामुळे, आमच्या मते भाजीपाला आणि रोपवाटिकेसाठी फिल्मचं पॉलीहाउसच नागपूरला जास्त योग्य. संग्रहातल्या ऑर्किड किंवा निवडुंगांसाठी पॉलिकार्बोनेट चालेल.

सांगाडा किटचाच घ्यावा की फॅब्रिकेटरकडून करून घ्यावा? आवार वाऱ्याला उघडं असेल, आउटर रिंग रोडच्या पलीकडच्या नव्या ले-आउटांसारखं, तर इतवारी बाजारातून २ मिलिमीटरचा गॅल्व्हनाइज्ड पाइप घेऊन कमानी वाकवून घ्या. वजन दुपटीहून जास्त होतं, पण पावसाळी वाऱ्यात झोप लागते. चारी बाजूंना घरं, झाडं असलेल्या जुन्या वस्तीत किटचा सांगाडा वरच्या दुरुस्त्यांसह पुरतो.

किट घेताना पैसे देण्याआधी खोकं उघडून एवढं बघा: पाइपची जाडी कॅलिपरने, सांध्यात पाइप किती खोल जातो (चार सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर वाऱ्यात सुटतो), आणि सुटे सांधे नंतर वेगळे मिळतात का. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. सांध्यांचं माप कंपनीगणिक थोडं वेगळं असतं आणि दुसऱ्याचा सांधा बसत नाही. चार-तोंडी दोन आणि तीन-तोंडी दोन सांधे, १० मीटर झिगझॅग स्प्रिंग आणि दुरुस्ती टेपचा एक रोल पहिल्याच दिवशी घेऊन कपाटात ठेवा. फिल्मचे उरलेले तुकडेही उन्हापासून दूर, काळ्या पिशवीत गुंडाळून ठेवा.